दोन्ही हात आडवे

पाखरं पाहाले जायची मले काडीची हौस नव्हती. जिनं जिंदगीभर कावळ्याले खरकटं अन् चिमणीले तांदळाची कणी घातली, तिले गाडी करून, तिकीट काढून, गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं दाखवाले न्यायचं म्हणजे काय? पण पोरीनं ठरवलं. माझी एकच पोरगी, भिलाईतच कॅम्प-1 मध्ये नवऱ्याच्या घरी राहते. तिले वाटलं, आई-बाबा सेक्टर 10 च्या क्वार्टरात एकमेकाकडे पाठ करून बसले आहेत, मोकळ्या हवेत नेलं तं बोलतील. जामुलच्या पलीकडे चुन्याच्या दगडाची एक जुनी खाण आहे. खोदकाम बंद पडलं, खड्ड्यात पाणी भरलं, अन् आता तिथं पक्ष्यायसाठी राखीव जागा केली म्हणे. नवी नवी उघडली होती. जो तो तिथले फोटो टाकून राहिला होता.

तं हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी जावयाच्या गाडीत आमी चौघं निघालो. पुढे जावई अन् बुढा, मागे मी अन् पोरगी. बुढा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याले अहो-जाहो करते, पाठीमागे बुढा म्हणते. त्यात मले काही वाईट वाटत नाही. अन् त्या दिवसात तं याच्याहून बरा शब्द माझ्या तोंडी येतही नव्हता.

भांडण काय होतं ते आधी सांगून टाकते. बुढा भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झाला. रिटायर झालं का कंपनीचं क्वार्टर सोडा लागते, हे भिलाईत शेंबड्या पोराले माहीत आहे. प्रश्न एवढाच का मंग जायचं कुठं. पोरीच्या घरावर दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. मी म्हटलं, तिथं राहू. बुढ्यानं नुसता हात झटकला. जावयाच्या दारात राहू का, म्हणे, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, लोकायले दुसरे धंदे आहेत. तो म्हणे, विषय बंद. विषय बंद झाला. मंग एक दिवस मी पोर्चमध्ये मशीनवर साडीले फॉल लावत होती, अन् बुढा आत फोनवर बोलत होता. त्याचा फोन कायम स्पीकरवर असते, म्हणून मले समजलं. भंडारा जिल्ह्यातल्या गावात त्याच्या मोठ्या भावाचं घर आहे. त्या घराच्या मागे, गोठ्याले लागून, आमच्यासाठी एक खोली बांधायची, हे दोघा भावायनं ठरवून टाकलं होतं. ठरवलं कायले म्हणते मी, भिंती अर्ध्या चढल्याही होत्या.

मले त्यानं पुसलं नाही. म्हैस विकतानाही माणूस घरात एक शब्द टाकते, का बा, विकू का. मी त्या दिवसापासून बोलणंच बंद केलं. चहा द्यायची, ताट वाढायची, कपडे धुवायची. तोंडाले कुलूप. बुढ्याले त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्याले वाटलं असन का बाई मानली.

त्या गावाबद्दल माझ्या पोटात काय आहे ते बुढ्याले माहीत नव्हतं, कारण तो तिथं नव्हताच. लग्न झालं तवा त्याले क्वार्टर भेटलं नव्हतं. तो इकडे चार पोरायसंगं एका खोलीत राहे, अन् मी तिकडे भासऱ्याच्या घरी. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्याच्या समोर यायचं नाही, ही तिथली रीत. तो ओसरीवर बसला का मी दाराच्या मागे. तो जेवाले बसला का मी दाराच्या मागे. त्याच्याकडे पाहुणे आले का तासभर, दोन तास, पदर तोंडावर घेऊन दाराच्या मागे. पाय भरून येत. एकदा मले ताप होता अन् मी तिथंच भिंतीले टेकून खाली बसली, तं जावेनं लाटण्यानं पायाले डिवचलं, का उभी राहा, आवाज होते. दोन वर्षं. मंग क्वार्टर भेटलं अन् मी भिलाईत आली. पहिल्या दिवशी मी घराचे सगळे दारं उघडून ठेवले होते. शेजारची आंध्राची बाई पाहाले आली, का हिच्या घरात धूर झाला का काय.

भिलाईत मी माणूस झाली. मशीन घेतली, ब्लाउज शिवायले शिकली. बंगाली बाईचा गळा कसा, मद्राशी बाईची बाही केवढी, छत्तीसगडी नवरीले कसं पाहिजे, सगळं माझ्या हातात बसलं. रस्त्यानं चालली का दहा बाया थांबवतात. अन् आता म्हणे गोठ्याले लागून खोली.

असं मनात घेऊन मी गाडीत बसली होती. मले काय पाखरं दिसणार?

आता बुढ्याच्या कामाचं थोडं सांगा लागते, नाही तं पुढचं समजणार नाही. बुढा मिलमध्ये खलाशी होता. जहाजावरचा खलाशी नाही. वर क्रेन असते, क्रेनच्या केबिनीत ऑपरेटर असते, अन् खाली उभं राहून हाताच्या खुणायनं त्याले सांगणारा जो माणूस, तो खलाशी. आवाज इतका का तोंडानं बोलून उपयोग नाही. बोट वर करून फिरवलं का लोड उचल, खाली करून फिरवलं का उतरव. अन् खूण देणारा एकच. आजूबाजूले किती का लोक उभे असेनात, ऑपरेटर फक्त खलाश्याचा हात पाहते. बुढ्याले तीच सवय लागली. घरातही खूण देणारा एकच.

फक्त एक खूण अशी का ती कोणीही द्यावी. दोन्ही हात आडवे पसरायचे, तळवे खाली. स्टॉप. ती साहेबानं दिली का झाडूवाल्यानं, ऑपरेटर ते पाहात नाही. लोड जिथं असन तिथं थांबवायचा. मंग ज्यानं थांबवलं त्यानं सांगायचं का काय अडलं. त्याचं समाधान झाल्याशिवाय लोड हलत नाही. बुढ्याले या नेमाचा मोठा अभिमान. पोरगी लहान होती तवा जेवताना हाच खेळ चाले. वरणाचा डाव म्हणजे क्रेन. तिले वरण नको असलं का ती दोन्ही हात आडवे करे, अन् बुढा डाव हवेतच थांबवून गंभीर तोंडानं पुसे, काय अडलं? पोट्टी सांगे, पोट भरलं. मंग तो डाव परत वरणाच्या गंजात. मी बाजूले पोळ्या लाटत असे. मले त्या खेळात कोणी घेतलं नाही, अन् मीही हात आडवे केले नाही. माझे हात कणकेत होते.

बुढ्याचे कान गेले आहेत. वयानं गेले का मिलच्या आवाजानं, ते डॉक्टरले पुसावं. त्याले स्वतःले ऐकू येत नाही म्हणून तो ओरडून बोलते, त्याले ऐकू जावं म्हणून आमी ओरडतो. आमच्या घरी दाळ पातळ झाली हे चार क्वार्टरायले समजते. कानाची मशीन आणली तं ती कपाटात. घालत नाही. असा माणूस घेऊन आमची पोरगी शांतता पाळायच्या जागी निघाली होती. शिकलेली आहे, पण कधी कधी भैताडच.

खाणीच्या गेटवर सिमेंटचे दोन मोर उभे केले होते, निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेले. आत गेलं तं कचरा टाकाले तोंड उघडून उभे असलेले पेंग्विन. जामुलजवळ पेंग्विन! पायाखाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. पुढे दिलाच्या आकाराचा एक लाकडी सांगाडा, त्यात उभं राहून फोटो काढायचा. जिथं तिथं पाट्या. बोलू नका, पळू नका, तोडू नका, खाऊ नका. आमी शिवणाऱ्या बाया पहिले याच खाणीच्या काठाले बोरं तोडाले येत होतो. टोपली भरून न्यायची, मीठ लावून वाळवायची. त्या बोरी अजून होत्या. मी चालता चालता एक बोर तोडलं, तं मागून कोणी तरी सापासारखं फिसकारलं.

तो टोपीवाला होता. आमचा गाइड. साठीच्या आसपासचा, खिसेच खिसे असलेलं जॅकीट, छातीवर दुर्बीण, अन् नजर अशी का जशी आपण त्याच्या अंगणातून चोरून आलो. तो हिंदीत म्हणाला का बोरं पक्ष्यायची आहेत. मी म्हटलं, पक्ष्यायले खाऊन उरतात. त्यानं माझ्या साडीकडे पाहिलं. मी राणी कलरची साडी नेसली होती, नवी, फॉल-पिको माझ्याच हातचं. तो पोरीले म्हणाला, असा भडक रंग चालत नाही, पाखरं उडतात, बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं. पोरीनं मान खाली घातली अन् तिची मातकट शाल माझ्या अंगावर टाकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपार होत आली, ऊन चढून राहिलं, अन् मी शाल गुंडाळून चालली जशी तापातून उठली.

पिशवीत मी सांबारवड्या घेतल्या होत्या. आमच्याकडे कोथिंबिरीले सांबार म्हणतात. पहाटे उठून केल्या, कोणाशी बोलत नसली तरी. पिशवी कुरकुर वाजली तं टोपीवाल्यानं तीही मागून घेतली अन् गेटवर ठेवाले पाठवली.

पाण्याच्या काठाले एक लाकडी झोपडी होती. तिच्या समोरच्या भिंतीले आडव्या फटी, अन् फटीत डोळे घालून बसायचं. आत पहिलेच पाच-सहा लोक बसले होते, हातभर लांब कॅमेरे घेऊन. पाण्यात दूरवर सुरखाबाची जोडी बसली होती. नारिंगी-तपकिरी बदकं, दुसरं काही नाही. टोपीवाला अगदी हळू आवाजात सांगू लागला का हे कुठून कुठून उडत येतात, या खाणीवर पहिल्यांदाच आले आहेत, अन् नर-मादी जन्मभर एकमेकाले सोडत नाहीत. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी फटीतून पाहात राहिली. दोघंही बदकं एकमेकाकडे पाठ करून बसले होते. म्हटलं, यायचंही क्वार्टर गेलं असन.

"कुठं आहेत?" बुढा म्हणाला.

त्याच्या हिशोबानं तो कानात कुजबुजला होता. सगळी झोपडी दचकली. एक सुरखाब मान वर करून पाहू लागला. जावयानं बुढ्याच्या खांद्यावर हात ठेवून ओठावर बोट ठेवलं. बुढ्याले वाटलं, जावई काही सांगून राहिला. "आं? काय म्हणता?" आता कॅमेरेवाले सगळे मागे वळले. एक जवान बाई डोक्याले हात लावून बसली. बुढा बिचारा चूप झाला, पण त्याचा श्वासही मोठा, अन् तो ज्या बाकावर बसला होता तो त्याच्या प्रत्येक हालचालीले करकरे. मले त्या लोकायचा असा राग आला. अन् बुढ्याचाही. अन् त्या बदकायचाही.

मंग टोपीवाला माझ्याजवळ आला. बुढ्याजवळ नाही, माझ्याजवळ. जसं काही मी लेकरू घेऊन आली.

"अंकल को बाहर बिठा दीजिए ना," तो म्हणाला. "ये तो सुनते ही नहीं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तो सुनत नाही, हे मी या माणसाले रोज सांगू शकते, सकाळ-संध्याकाळ सांगू शकते. पण ते माझं आहे. बुढ्याले बोलायचा हक्क माझा आहे, टोपीवाल्याचा नाही. मी तोंड उघडणार तितक्यात बुढा स्वतःच उठला. त्याले शब्द ऐकू आले नव्हते, पण हात दिसला होता. टोपीवाल्यानं हातानं दाराकडे दाखवलं होतं, अन् हाताची खूण बुढ्याले लवकर समजते. तो मान खाली घालून बाहेर गेला. जाताना त्याच्या पाठीवर शर्टाची शिवण उसवलेली दिसली. मी ती सांधली नव्हती, कारण मी बोलत नव्हती.

मी फटीले डोळा लावला. बुढा बाहेर जाऊन झोपडीच्या मागे बसावा का नाही? नाही. तो सरळ पुढे गेला अन् काठावर उभा राहिला, पाण्याकडे तोंड करून. कॅमेऱ्यायच्या अन् सुरखाबाच्या बरोबर मधात. झोपडीत सगळे एकदम फिसफिसू लागले. कोणी म्हणे, बुलाइए उनको. कोणी म्हणे, अरे हिलो मत, उड़ जाएगा. अन् तवाच बुढ्याचा फोन वाजला.

त्याची रिंग म्हणजे लग्नातला बँड. सुरखाब आणखी दूर सरकले, पण उडाले नाही. फोन स्पीकरवर. भासऱ्याचा आवाज त्या खाणीच्या दगडायवर आपटून दुप्पट होऊन आला.

भासरा सांगून राहिला होता का भिंती झाल्या, सेंट्रिंग झाली, मिस्त्री समोर उभा आहे, उद्या सकाळी स्लॅब टाकायचा म्हणते. टाकू ना? बुढा म्हणाला, हो, हो. भासरा म्हणाला, मंग क्वार्टरची चाबी देऊन टाक, सामान घेऊन या, तुझी वहिनी म्हणते का घरात कामाले एक बाईमाणूस आलं तं तिलेही आराम भेटन. मागून जाव बोलल्याचाही आवाज आला. काय बोलली ते समजलं नाही. हसली ते समजलं.

मले तो आवाज ऐकून पायात मुंग्या आल्या. खरोखर आल्या, त्या दाराच्या मागे यायच्या तशा. फटीतून पाहात उभी होती मी. पुन्हा एका भिंतीच्या मागेच उभी होती. बाहेर दोघं भाऊ माझं ठरवून राहिले होते, अन् मी आत, अंगावर शाल, तोंड बंद, आवाज करायचा नाही.

मी झोपडीच्या बाहेर पडली. पोरगी मागून आई, आई करत होती. शाल कुठं तरी दाराच्या खिळ्यात अडकली अन् राहिली. मी उतारावरून खाली गेली, चप्पल चिखलात रुतली, तीही सोडली. हाक मारून उपयोग नव्हता, त्याले ऐकू येत नाही अन् तो फोनवर होता. हात धरून ओढला असता तं झटकला असता. मी त्याच्यासमोर गेली, पाण्याले पाठ करून उभी राहिली, अन् दोन्ही हात आडवे पसरले. तळवे खाली.

मागे पाण्यावर फडफड झाली. सुरखाब उडाले. झोपडीतून एकदम ओरडा झाला. मी पाहिलं नाही.

बुढा बोलता बोलता थांबला. शब्द तोंडात अर्धाच राहिला. त्याची पाठ ताठ झाली, पाय जवळ आले, अन् डोळे माझ्या हातावर. मी त्याले इतक्या वर्षायत कधी असं उभं पाहिलं नव्हतं. मिलमध्ये तो असाच उभा राहात असन.

"दादा, थांब," तो फोनात म्हणाला. "स्टॉप आला."

"काय आला?" भासरा म्हणाला.

बुढ्यानं फोनवाला हात खाली केला. माझ्याकडे पाहून पुसलं, "काय अडलं?"

बस, एवढंच. पण हे मले आजपर्यंत कोणी पुसलं नव्हतं. मी हळू आवाजात सांगाले गेली. मंग लक्षात आलं का हळू बोलून चालणारच नाही, याले ओरडूनच सांगा लागते.

"मी गावाले येत नाही," मी ओरडली. "तुमी जा. मी कॅम्पात राहीन."

"गावात काय वाईट आहे?"

"तुमी इकडे होते. मी दोन वर्षं तिकडे दाराच्या मागे उभी होती, तुमच्या भावाले तोंड दिसू नये म्हणून. ताप असला तरी उभी. आता नाही राहात मी उभी."

फोन चालू होता, हे मले माहीत होतं. चालू राहू दे म्हटलं. तिकडे भासरा ऐकून राहिला होता, जाव ऐकून राहिली होती, मिस्त्रीही ऐकून राहिला असन. इकडे मागे कॅमेरेवाले उभे होते. जी गोष्ट मी नवऱ्याच्या कानात बोलली नाही ती अशी खाणभर झाली. मले लाज वाटली नाही. मले वाटलं, आणखी जोरानं बोलायले पाहिजे होतं.

बुढ्याचं तोंड उतरलं. "तू कधी बोलली नाही," तो म्हणाला. अन् बहुतेक पहिल्यांदाच, हळू म्हणाला.

"तुमी पुसलं कवा?"

फोनातून भासऱ्याचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक. हॅलो, हॅलो, स्लॅबचं काय करू, मिस्त्री पुसून राहिला. बुढ्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मंग हाताकडे. माझे खांदे भरून आले होते, पण मी हात खाली घेतले नाही. नेम त्याचाच होता. समाधान झाल्याशिवाय लोड हलत नाही.

"दादा," बुढा म्हणाला, "स्लॅब नको टाकू. लोड जिथून उचलला तिथंच उतरवून राहिलो."

भासऱ्याले लोडचं काही समजलं नसन. तो काही तरी विचारत होता, पण बुढ्यानं फोन बंद करून खिशात टाकला. मंग मी हात खाली घेतले.

टोपीवाला तवापर्यंत आमच्यापर्यंत पोचला होता. लाल झाला होता. सकाळपासून लोक बसले आहेत, म्हणे, कोणी रायपूरवरून आले आहेत, तुमच्यामुळे सगळं गेलं, तुम्हा लोकायले घरचे झगडे घरी करता येत नाहीत का. मी म्हटलं, घरी झाले असते तं इथं कायले आलो असतो. म्हटलं, बदकं आहेत, भूक लागली का येतील परत, त्यायनं कुठं जायचं ते दुसरा कोणी ठरवत नाही. पोरगी रडू लागली होती, जावई हात जोडून टोपीवाल्याची माफी मागत होता. आमाले गेटपर्यंत सोडाले एक माणूस संगं दिला, आमी रस्त्यात आणखी काही करू नये म्हणून. रस्त्यात मी त्याच्यासमोर मूठभर बोरं तोडली.

गेटवरून पिशवी परत घेऊन आमी गाडीत बसलो. जामुल मागे पडलं तवा मी पिशवीतून सांबारवड्या काढल्या. बुढ्यानं मागे हात केला, मी त्याच्या हातावर दोन ठेवल्या. एक खाऊन झाल्यावर तो खिडकीच्या बाहेर पाहात ओरडला का राहीन म्हणतो मी कॅम्पात, पण जावयाचा उंबरठा ओलांडून वर जाणार नाही, जिना बाहेरून पाहिजे, अन् त्याचं तोंड मागच्या गल्लीकडे पाहिजे. जावई म्हणाला, बाबा, होऊन जाईल. बुढ्याले ऐकू गेलं नाही. पोरीनं पुढे वाकून त्याच्या डोळ्यासमोर अंगठा वर केला.

आता आमी त्या दोन खोल्यायत राहतो. लोखंडी जिना मागच्या गल्लीतून चढते. जिना बसवताना बुढा खाली उभा राहून वेल्डरले हातानं खुणा करत होता, अन् वेल्डर त्याच्याकडे पाहातही नव्हता. गावाची खोली बिनस्लॅबची पडली आहे, त्यात भासरा कडबा भरते म्हणे. जाव माझ्याशी फोनवर बोलत नाही. चांगलं आहे. सुरखाब परत आले का ते मले माहीत नाही, त्या जागी आमी पुन्हा गेलो नाही अन् आमाले कोणी येऊही देणार नाही.

बुढा रोज जिना चढताना कुरकुर करते. पायऱ्या उंच आहेत, कॅम्पात गर्दी आहे, सेक्टरसारखी हवा नाही, गावासारखं पाणी नाही. सगळ्या गल्लीले ऐकू जाते. मी वर मशीनवर बसलेली असते. फारच झालं का उठते, दारात येते अन् दोन्ही हात आडवे करते. तो अर्ध्या जिन्यात, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून थांबते अन् पुसते, काय अडलं?

काही नाही अडलं, म्हणते मी. तुमी पुसता का नाही, ते पाहून राहिली होती.